चार नंबरचा विस्तव

माझी बायको एडा हिला जाऊन चार महिने तीन दिवस झाले होते, त्या दिवशी मी चार नंबरचं घर सोडलं. १९६१ सालची मार्चची पंचवीस तारीख. आमच्या आवारातली घरं याच तारखेला एका हातातून दुसऱ्या हातात जातात. संस्थापकाने मृत्युपत्रात तसं लिहून ठेवलंय, आणि भातेवाल्यांच्या कंपनीत, म्हणजे आमच्या धंद्याच्या जुन्या संघात, साडेतीनशे वर्षांत त्या मृत्युपत्रातला शब्द कुणी इकडचा तिकडे केलेला नाही. कंपनीत आता भाते बनवणारं कुणी नाही. विमेवाले आहेत, वकील आहेत, दातांचे डॉक्टर आहेत. खरे भातेवाले दोघंच उरलो होतो, मी आणि पर्सी. दोघांनाही कंपनीच्या धर्मादाय घराची गरज होती, यावरून धंद्याचं काय झालं ते कळावं.

चार नंबर हे जोडप्याचं घर. दोन खोल्या, दक्षिणेला खिडकी, मागे घेवड्याचे वेल चढवण्यापुरती जागा. दोघांतलं एक गेलं की उरलेल्याने निघायचं आणि उत्तरेच्या रांगेत एका खोलीत राहायचं. मला अकरा नंबर मिळाला होता. नियम मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. बारा वर्षांपूर्वी कागदावर सही करताना एडा म्हणाली होती, "मी आधी गेले तर सामान तू हलवायचंस, तू गेलास तर मी. म्हणजे मरेल त्याची मजा." आम्ही दोघं हसलो होतो.

नियमाबद्दल माझी तक्रार नव्हती. माझ्या जागी ऑलिव्ह आणि पर्सी येणार होते, ही तक्रार होती. ऑलिव्ह म्हणजे एडाची थोरली बहीण, आणि पर्सी तिचा नवरा.

"बाबा, हे पडदे इथेच राहू द्या," मुरिअल म्हणाली. माझी मुलगी सकाळी सातपासून सामान बांधायला आली होती. "अकरा नंबरची खिडकी अर्धीच आहे."

"तुझ्या आईने शिवलेत ते."

"मावशीला चालतील की."

"म्हणूनच काढ."

मुरिअल पेटीवर बसली. बसताना ती हुबेहूब आईसारखी बसते, आधी एक हात टेकून. "दुसरं कुणी आलं असतं तर तुम्हाला चाललं असतं का?"

"अनोळखी माणूस चालला असता."

"आणि सख्खी मावशी चालत नाही! बाबा, त्यांची गल्ली महिनाअखेरीला पाडतायत. नगरपालिकेने जागा दिलीय ती सातव्या मजल्यावर. पर्सीकाकांना एक जिना चढला की भिंत धरावी लागते."

"मला माहीत आहे."

"मग आज तोंड जरा बरं ठेवा."

ती मावशीची बाजू घ्यायची हे नवीन नव्हतं. पण एडा होती तोवर बाजू तीन होत्या आणि एडा मधे असायची. आता दोनच उरल्या होत्या आणि माझ्या बाजूला मी एकटा.

एडाच्या आजारपणात शेवटचे तीन आठवडे ऑलिव्ह रोज आली होती. सकाळी नऊला यायची, एडाचे केस विंचरायची, उशी फिरवायची. दोघी हळू आवाजात बोलत बसायच्या. मी आत गेलो की बोलणं थांबायचं. मग एडा म्हणायची, "वॉल्टर, जरा दूध घेऊन ये." दूध घरात असायचं. त्या शेवटच्या मंगळवारीही मी दूध आणायलाच गेलो होतो. परत आलो तेव्हा ऑलिव्ह खुर्चीत बसली होती आणि एडाचा हात तिच्या हातात होता. बेचाळीस वर्षं मी तिचा नवरा, आणि ती गेली तेव्हा माझ्या हातात बाटली होती.

शेवटी काही बोलली का, असं मी ऑलिव्हला विचारलं होतं. "काही नाही," ती म्हणाली होती. खिडकीकडे बघत म्हणाली होती.

आमच्याकडे घराची किल्ली देत नाहीत, विस्तव देतात. जाणाऱ्याने शेगडीतला निखारा राखेखाली जिवंत ठेवायचा. कंपनीचे कारभारी मृत्युपत्र वाचायला लागले की त्या घरच्या भात्याने तो फुलवायचा. वाचन संपायच्या आत ज्वाळ दिसली तर घर येणाऱ्याचं. नाही दिसली तर यादीतल्या पुढच्या नावाचं. असं माझ्या हयातीत कधी घडलं नव्हतं. मृत्युपत्र दोन पानांचं आहे, आणि भाता बरा असेल तर अर्ध्या पानात काम होतं.

मुरिअल गाठोडी घेऊन अकरा नंबरकडे गेली तेव्हा साडेनऊ झाले असतील. मी भाता खुंटीवरून काढला. तो मीच बनवलेला होता. लाकडाच्या दोन फळ्या, मधे चामडं, पुढे पितळी नळी. खालच्या फळीला भोक असतं आणि त्या भोकावर आतून चामड्याची झडप. भाता उघडला की झडप उघडते आणि हवा आत येते. दाबला की झडप बसते आणि हवा नळीतून बाहेर पडते. झडप नसेल तर भाता नुसते उसासे टाकतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

चामडं कोरडं पडलं होतं. दर शनिवारी त्याला तेल लावायचं काम एडा करायची, आणि तिच्यामागे कुणी हात लावला नव्हता.

मी माझा चामडं सोलायचा चाकू भोकातून आत घातला आणि झडप मुळाशी कापली. दोन बोटांनी ओढून बाहेर काढली आणि जाकिटाच्या खिशात टाकली. एखादं काम चोख झाल्यावर वाटतं तसं वाटलं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं वाटलं.

त्याच वेळी ऑलिव्ह आणि पर्सी बसथांब्यावरून चालत येत होते. त्या चालण्याची हकिगत ऑलिव्हने मला पुढे स्वतः सांगितली, म्हणून मी ती लिहू शकतो.

पर्सी तीनदा थांबला. तिसऱ्यांदा एका दुकानाच्या काचेसमोर थांबला आणि किटल्या बघायचं सोंग केलं.

"वॉल्टर काही बोलला तर ऐकून घे," तो म्हणाला.

"मी कधी उलटून बोलते?"

पर्सी खोकला. तो खोकला होता की हसू, हे ऑलिव्हला इतकी वर्षं संसार करूनही ओळखता येत नव्हतं.

"खरं तर घर आपलंच होतं," ती म्हणाली. "बारा वर्षांपूर्वीच. कंपनीच्या मतदानात एका मताने हुकलं."

"झालं ते झालं."

"तुला झालं. मी दर रविवारी तिच्याकडे चहाला गेले आणि दर रविवारी तिची ती निळी शाल बघितली."

आवारातल्या प्रत्येक घराची एक निळी शाल असते. शाल बाईची नसते, घराची असते. लहानपणी बिछान्यातली खिडकीकडची बाजू एडाची, नवे बूट एडाचे, आईच्या मांडीवर आधी एडा. ऑलिव्ह थोरली म्हणून तिने समजून घ्यायचं. आज ती शाल तिच्या खांद्यावर येणार होती, आणि त्यासाठी एडाला मरावं लागलं होतं. हा विचार मनात आला तेव्हा तिने रस्त्यातच पर्सीचा मफलर नीट केला. तो नीटच होता.

अकराच्या ठोक्याला सगळे चार नंबरमध्ये जमले. कारभारी लडग्रोव्हसाहेब चष्मा आणि मृत्युपत्र घेऊन. तीस वर्षं तेच वाचतायत, पण प्रत्येक वेळी पहिल्यांदा वाचल्यासारखं वाचतात. त्यांच्याशेजारी यंदाचे मास्टर, म्हणजे कंपनीचे प्रमुख, गळ्यात सोन्याची साखळी, नजर घड्याळावर. दारात पाच नंबरच्या पिनकबाई.

"वॉल्टर, खोली काय लख्ख केलीस रे," पिनकबाई म्हणाल्या. "एडाच्या वेळी एवढी कधी बघितली नव्हती."

"मुरिअलने केलीय."

"तरीच. अगं ऑलिव्ह, टोपी छान आहे. लग्नाला निघालीस की काय?"

"घरात राहायला आलेय, पिनकबाई. तुम्ही कशाला आलात?"

"मी शेजारीण. मला बघावंच लागतं."

ऑलिव्ह आत आली आणि तिची नजर आधी खिडकीकडे गेली. पडदे नव्हते. तिने माझ्याकडे बघितलं. मी शेगडीकडे बघितलं.

"कसा आहेस, वॉल?" पर्सीने विचारलं. मला वॉल म्हणणारा तो आता एकटाच.

"आहे."

लडग्रोव्हसाहेबांनी घसा साफ केला. "मी, गिल्बर्ट ऑर्डवे, भातेवाला, देहाने क्षीण परंतु बुद्धीने शाबूत..."

मी गुडघे टेकले, राख बाजूला केली आणि भाता चालवायला लागलो. फस्स. फस्स. निखाऱ्यावरची राखसुद्धा हलली नाही. मी जोर लावल्यासारखं केलं. फस्स.

पहिलं पान संपलं. कागद उलटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"अगं बाई," पिनकबाई म्हणाल्या.

"पेटला नाही तर पुढचं नाव कुणाचं आहे?" मास्टरांनी विचारलं. वाईट माणूस नव्हता. त्यांना जेवणाला कुठेतरी पोचायचं होतं.

"वाचन अजून संपलेलं नाही, मास्टर," लडग्रोव्हसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि काचा पुसायला लागले. आधी डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी.

ऑलिव्हचा चेहरा बघायचा म्हणून मी हे सगळं केलं होतं. तो मी बघितला. पांढराफटक पडला होता. पण तिने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने पर्सीच्या पाठीवर हात ठेवला, खोकला यायच्या आधीच ठेवला. तिला तो येणार हे कळलं होतं. माझ्या पाठीवर असा हात ठेवणारं आता कुणी नव्हतं, आणि तिला सातव्या मजल्यावर पाठवूनही तो हात मला मिळणार नव्हता. हे माझ्या डोक्यात आलं, आणि राग कमी व्हायच्याऐवजी वाढलाच.

"दे इकडे," पर्सी म्हणाला.

त्याने भाता उलटा केला आणि भोकात बोट घातलं. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. फाटलेलं चामडं बोटाला केसांसारखं लागतं. कापलेलं गुळगुळीत लागतं. भातेवाल्याला एवढं डोळे मिटूनही कळतं. त्याचं बोट मुळाशी जाऊन थांबलं, पुन्हा एकदा कडेवरून फिरलं आणि बाहेर आलं.

"झडप गेलीय," तो म्हणाला. "जुनी झाली होती."

"पण बाबांनी तर दोनच वर्षांपूर्वी नवी..." मुरिअलने सुरुवात केली.

"चामड्याचं काही सांगता येत नाही, पोरी." त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "वॉल, सिबलीच्या दुकानात काम शिकत होतो तेव्हा आपण झडप बसवायच्या आधी भाता कसा तपासायचो?"

त्याने भाता परत माझ्या हातात दिला.

"तू चालव. भोकावर माझा तळहात."

तो माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसला. बसायला त्याला ऑलिव्हचा आणि टेबलाचा, दोघांचा आधार लागला.

"दोन माणसं?" मास्टर म्हणाले. "हे बसतं का नियमात?"

"विस्तव जाणाऱ्याच्या हाताने फुंकला जावा, असं आहे, मास्टर," लडग्रोव्हसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "भात्याच्या भोकावर कुणाचा हात असावा, याबद्दल संस्थापक काही म्हणत नाहीत." आणि त्यांनी दुसरं पान वाचायला घेतलं. "आणि... मी... असेही... इच्छितो..."

"उघड," पर्सी म्हणाला, आणि हात काढला. "झाक." हात भोकावर बसला.

मी मुद्दाम एक क्षण आधी दाबलं. वारा त्याच्या बाहीत गेला.

कुणाच्या लक्षात आलं नाही. पर्सीच्या आलं.

"घाई करतोस," तो हळूच म्हणाला. "सिबलीने पाठीत रट्टा घातला असता. पुन्हा. उघड."

शेगडीतली राख आता त्याच्या तोंडावर उडत होती. तो खोकायला लागला. खांदे हलत होते, मान हलत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण भोकावरचा हात जागचा हलला नाही. हात उघडायच्या वेळी उघडत होता, झाकायच्या वेळी झाकत होता. त्याच्या अंगठ्याखाली आरीने पडलेला घट्टा होता. तसाच माझ्याही हाताला आहे. आम्ही दोघं चौदा वर्षांचे असताना एकाच बाकावर बसून तो कमावलाय.

मग मी भाता नीट चालवला.

"उघड. झाक. उघड."

"...आणि... हे... सर्व..." लडग्रोव्हसाहेब एकेका अक्षराला पाहुण्यासारखं बसवून घेत होते. "...ईश्वराच्या..."

निखारा लाल झाला. कडेने पिवळा झाला. मग एक ज्वाळ उठली, बोटाएवढी, आणि तिने वरचा कोळसा पकडला.

"...साक्षीने," लडग्रोव्हसाहेबांनी झटकन संपवलं आणि कागदाची घडी केली.

पिनकबाईंनी टाळी वाजवली आणि कुणीच वाजवत नाही हे बघून थांबल्या. कारभाऱ्यांनी टेबलावरची निळी शाल उचलून ऑलिव्हच्या खांद्यावर घातली. तिने शालीची दोन टोकं छातीशी धरली आणि तिचं तोंड वाकडं झालं. शालीला अजून एडाच्या छातीला चोळायच्या कापराचा वास होता. मलाही तो आला. खोलीत फक्त आम्हा दोघांनाच आला असावा.

मास्टर गेले. कंपनीने पाठवलेला केक कापला गेला, पिनकबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि एक रुमालात घेतला. मुरिअल पर्सीकाकांना मागची घेवड्याची जागा दाखवायला घेऊन गेली. ऑलिव्हने चहा ओतला. माझ्याच किटलीतून, माझ्याच टेबलावर, आणि मला पाहुण्याच्या खुर्चीवर बसवून.

मी खिशातून झडप काढली आणि तिच्या बशीशेजारी ठेवली.

"हे काय?"

"झडप."

ती भातेवाल्याची बायको. तिने ती उचलली, उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला.

"तू कापलीस."

"हो."

"पर्सीला कळलं?"

"बोट लावल्याबरोबर."

तिने झडप पुन्हा बशीशेजारी ठेवली. ती मला हाकलून देईल म्हणून मी वाट बघत होतो. घर आता तिचं होतं.

"मला नाही रे पाठवत होतास सातव्या मजल्यावर," ती शेवटी म्हणाली. "त्याला पाठवत होतास. तो तिथे एक हिवाळासुद्धा काढू शकला नसता."

"माहीत आहे."

"मग का?"

"एडा तुझ्याशी बोलायची. मला दूध आणायला पाठवायची."

ऑलिव्ह हसली. हसण्यासारखं ते नव्हतं. "माझ्याशी बोलायची! काय बोलायची, विचार ना. तीन आठवडे मी तिचे केस विंचरले, आणि तीन आठवडे तिने मला तुझं सांगितलं. वॉल्टरचे मोजे कुठे असतात ते वॉल्टरला माहीत नाही. वॉल्टरला अंडं मऊ लागतं. मी म्हणायचे, एडा, आपल्या आईचं बोलूया, आपण लहान होतो तेव्हाचं बोलूया. ती म्हणायची, हो बोलूया, पण वॉल्टरला ना..." तिने कप बशीत आपटला. "मी तिची बहीण होते की तुझ्या घरची मोलकरीण, हेच मला कळेनासं झालं होतं."

"मग मला बाहेर का पाठवायची?"

"तू आत आलास की तिला रडू यायचं. तुला दिसायला नको होतं."

बाहेर पर्सी खोकला. की हसला. मुरिअल काहीतरी सांगत होती.

"मी तुला खोटं सांगितलं," ऑलिव्ह म्हणाली. या वेळी ती खिडकीकडे बघत नव्हती. "शेवटी ती बोलली होती. तिचा हात माझ्या हातात होता. मला वाटलं, आता तरी माझं नाव घेईल. डोळे उघडले आणि म्हणाली, 'वॉल्टरला सांग, शनिवारी भात्याला तेल लावायचं. तो विसरेल.' एवढंच. मग गेली."

मी टेबलाची कड धरली.

"मी नाही सांगितलं. ते तुझं होतं, मला माहीत होतं. पण माझ्या वाट्याला काहीच आलं नव्हतं, म्हणून मी ते ठेवून घेतलं."

चहा निवला. शेगडीत कोळसा आता चांगला पेटला होता आणि भाता तिथेच जमिनीवर पडला होता, कोरडा, चिरा गेलेला.

त्या दिवशी शनिवार होता. मी उठलो आणि भाता उचलला. तेलाची बाटली कुठे असते ते मला माहीत नव्हतं. ऑलिव्हला माहीत होतं.